शिकवण्यासारखं हृदय

काल अंबरनाथला डॉक्टरने माझ्या छातीवर थंडगार जेली लावली, मशीन फिरवलं आणि पाच मिनिटांत म्हणाला, “बाबा, हृदय ठणठणीत आहे. उठा.” त्याने कुणाला बघायला बोलावलं नाही. जेली पुसता पुसता माझा हात थांबला.

बारा वर्षांपूर्वी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात माझ्या बायकोला हीच जेली लावली होती. शिकवणाऱ्या मोठ्या मॅडम होत्या. पडद्यावर हृदय दिसताच त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. सात-आठ जण आले. मॅडम पडद्यावर बोट ठेवून इंग्रजीत समजावत होत्या. ही कुशीवर, पदर आवळून, लाजून अर्धी झालेली.

“अहो, एवढी माणसं कशाला?”

“तुझं हृदय बघण्यासारखं असेल. गप पड.”

मला खरंच तसं वाटलं. कारखान्यात आम्ही नव्या पोरांना मशीनवर चोख उतरलेला जॉब, म्हणजे बिनचूक बनलेला भागच दाखवायचो. ठणठणीत हृदय बघायला कोण गर्दी करणार, हे मला कालपर्यंत कळलं नाही.

मॅडमनी विचारलं, “बाबा, काही विचारायचंय?” हिने मला कोपर मारलं. मी म्हणालो, “नाही, तुम्ही शिकवा निवांत.”

घरी येताना ती म्हणाली, “जांभूळ गावाला माझ्या बहिणीकडे चार दिवस राहून येऊ?”

“आधी बरी हो. एवढे डॉक्टर लागलेत, मग जाऊ.”

ती बरं म्हणाली. तीन आठवड्यांत गेली. बहीण आली ती हिला शेवटची आंघोळ घालायला.