दहावं काडतूस

तुळजाच्या घरात बंदूक आहे हे मद्रासजवळच्या आवडी गावातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती घरात नेमकी कुठे असते हे मात्र तिथे राहणाऱ्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि गेल्या वर्षापासून त्या दोघांतला एक जण विसरायला लागला होता.

बंदूक तुळजाच्या नवऱ्याची, मानाजीरावांची. पंधरा वर्षं फौजेत काढून ते परत आले आणि मग बावीस वर्षं शहरातल्या एका बँकेच्या शाखेत गनमन होते. बारा बोअरची दुनळी, स्वतःच्या नावाचं लायसन. रोज सकाळी खाकी कव्हरात घालून लोकलने न्यायची, संध्याकाळी परत आणायची. त्यांनी ती खांद्यावर वाहिली, पण घरात सांभाळली तुळजाने. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच तिच्या लग्नाच्या रेशमी साडीला बंदुकीच्या तेलाचा डाग पडला होता. नवरा म्हणाला, "तेल आहे, धुतलं की जाईल." डाग गेला नाही. त्या दिवसापासून बंदूक कुठे आणि कशी ठेवायची हे तुळजाच ठरवायची.

तिने बंदुकीचे तीन भाग तीन ठिकाणी ठेवले. मद्रासकडे लोखंडी कपाटाला सगळे बीरो म्हणतात, त्या बीरोच्या तळाशी जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेल्या नळ्या. मधल्या कप्प्यात घोंगड्यांमागे दस्ता. पुढचं लाकूड वरच्या कप्प्यात, लेकीच्या, जननीच्या, शाळेतल्या प्रशस्तिपत्रांच्या मागे. "चोर आलाच तर त्याच्या हाताला एक लाकूड लागेल," ती म्हणायची, "नेऊन भात शिजवील." साफ करायचा गज, ब्रश आणि तेलाची बाटली कापडी पिशवीत, दाराआडच्या खिळ्याला. काडतुसं बीरोच्या खोलीतच नाहीत, ती आतल्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात, बिस्किटांच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात. त्या डब्याला तिने पत्र्याला डाख देणाऱ्या कारागिराकडून कडी बसवून घेतली होती आणि कडीला पितळी कुलूप. दमट हवेने काडतुसं फुगू नयेत म्हणून आत खडूचे तुकडे, दर पावसाळ्याआधी नवे.

बीरोची किल्ली मानाजीरावांच्या करगोट्याला, डब्याची तुळजाच्या कमरेच्या जुडग्यात. एका माणसाच्या हातात दोन्ही कधीच नाहीत, हा नियम दोघांनी मिळून केला होता. संसारात त्यांनी दोघांनी मिळून केलेले नियम तसे फार नव्हते.

निवृत्त झाल्यावरही मानाजीरावांनी लायसन सोडलं नाही. आणि गेल्या वर्षापासून त्यांचं एकेक सुटायला लागलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग वार, मग जेवलो की नाही ते. कोणी काही विचारलं की ते मान खाली घालून कबूल करत. नळ कोणी उघडा ठेवला? "मीच असेन." दूध कोणी उतू घातलं? "मीच असेन की." उभ्या आयुष्यात ज्या माणसाने एकदा चूक कबूल केली नव्हती तो आता सगळ्या घराच्या चुका अंगावर घेत होता, आणि तुळजाला ते आधीच्या आडमुठेपणापेक्षा जड जात होतं.

बुधवारी पोलीस स्टेशनातून फोन आला. विधानसभेची निवडणूक लागली होती. लायसनवाल्यांनी हत्यारं आणि काडतुसं शुक्रवारपर्यंत जमा करायची. दर निवडणुकीला हे होतंच, त्यात नवीन काही नव्हतं. तुळजाने डबा काढला, लायसनचं पुस्तक उघडलं. पुस्तकात दहा. डब्यात तिने मराठीत मोजली, नऊ झाली. मग तमिळमध्ये मोजली, कारण शाळेत ती मोजायला तमिळमध्येच शिकली होती. ओन्बदु. नऊच.

डब्याच्या किल्लीचं जुडगं आंघोळीच्या वेळी ती न्हाणीबाहेरच्या खिळ्याला अडकवायची. रोज दहा मिनिटं. आतापर्यंत त्या दहा मिनिटांचा तिने कधी विचार केला नव्हता.

"अहो, डब्यातलं एक काडतूस तुम्ही घेतलंत?"

मानाजीराव पेपर उलटा धरून बसले होते. "घेतलं असेन."

"कुठे ठेवलंत?"

"ठेवलं असेन की कुठेतरी."

तिने त्यांचे खिसे पाहिले, उशी उसवली, बुटांत हात घातला, तुळशीच्या कुंडीतली मातीसुद्धा उकरली. ते तिच्या मागे मागे फिरत होते आणि मधूनच विचारत होते, "तुळजा, काय हरवलं गं तुझं?"

गुरुवारी जननीचा फोन आला. जननी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, एका आयटी कंपनीत होती. तिच्या मुलीची, कीर्तनाची, शाळेची परीक्षा संपली होती आणि शुक्रवारी दुपारी दोघी आठ दिवसांसाठी येणार होत्या.

"अम्मा, ते अजून घरात आहे?" जननी बंदुकीला नावाने हाक मारत नसे.

"उद्या जमा करायचंच आहे."

"जमा नको, देऊनच टाक. कितीदा सांगू? अप्पांची ही तब्येत, आणि कीर्तना लपाछपी खेळताना कुठे लपते, ठाऊक आहे ना? बीरो उघडा राहिला की त्यातच."

"त्याच बंदुकीवर तू इंजिनियर झालीस, जननी."

"झाले ना? मग झालं की तिचं काम."

तुळजाने फोन ठेवला. एक काडतूस मिळत नाही हे तिने लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जननी आली नसती. आणि न सांगता उद्या सात वर्षांची पोर या घरात वावरणार होती. 

शुक्रवारी सकाळी आंघोळीला जाताना तिने जुडगं खिळ्याला न लावता आत नेलं. चार तांबे अंगावर घेतले न घेतले, बाहेर आली. पुढच्या खोलीत बीरो सताड उघडा होता. घोंगड्या जमिनीवर, प्रशस्तिपत्रं विखुरलेली. मानाजीराव खुर्चीत ताठ बसले होते. अंगात बँकेचा जुना युनिफॉर्म, पोटावर बटण लागत नव्हतं, पण पट्टा आवळलेला. मांडीवर बंदूक, तीन भाग नीट जोडलेली.

"अहो," ती म्हणाली, "ठेवा ते."

"गाडी जाईल. नऊ चाळीसला शाखा उघडायची."

"आज शाखा नाही. द्या इकडे."

ती एक पाऊल पुढे आली तशी त्यांची मूठ आवळली. "बाई, बाजूला व्हा," ते म्हणाले. "ड्युटीवरच्या माणसाला हात लावायचा नाही."

बाई. इतक्या वर्षांत त्यांनी तिला पुष्कळ काही म्हटलं होतं, बाई म्हणून परकं कधी केलं नव्हतं. पण त्या क्षणी तिला त्याचं वाईट वाटायलाही सवड नव्हती. हरवलेलं काडतूस या दोन नळ्यांपैकी एकीत आहे, एवढंच तिला कळत होतं. बंदूक पुसायची कशी, गुंडाळायची कशी, सगळं तिला येत होतं. जोडलेली बंदूक उघडायची कशी हे मात्र तिने कधी पाहिलंही नव्हतं. ते काम त्यांचं होतं. तिच्या हातात यायचे ते सुटे भाग.

शेजारच्या कोणाला हाक मारावी तर आवाजाने ते बिथरतील. तिने खिडकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. आणि मग तिला शाखेतली पाच वाजताची गोष्ट आठवली, जी त्यांनी तिला शंभरदा सांगितली होती. शाखा बंद झाली की गनमनने मॅनेजरच्या टेबलासमोर उभं राहायचं. शेषगिरी नावाचे मॅनेजर होते, चष्मा कपाळावर सरकवून ते एकच वाक्य म्हणायचे. त्याशिवाय गनमनची सुट्टी नाही.

तुळजा हळूच गेली आणि जेवणाच्या टेबलामागे बसली. ओले केस पाठीवर तसेच. टेबलावरचा चष्मा उचलून तिने कपाळावर चढवला. आता नाव घ्यायचं होतं. नवऱ्याचं नाव तिने लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. रेशन कार्डाच्या रांगेत ती जननीला पुढे करायची, हॉस्पिटलात कागदावर लिहून द्यायची. 

"मानाजी," ती म्हणाली. मग घसा साफ करून, शेषगिरींसारखं खणखणीत तमिळमध्ये, "मानाजी, काट्टुंग."

म्हणजे, दाखवा.

मानाजीराव उठले. दोन पावलं पुढे येऊन उभे राहिले. बंदुकीचं तोंड त्यांनी भिंतीकडे केलं, अंगठ्याने कळ सरकवली, आणि ज्या हातांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं त्या हातांनी बंदूक मधोमध अलगद मोडली आणि नळ्यांची मागची बाजू तिच्यासमोर धरली. दोन गोल भोकं. आरपार उजेड, आणि त्या उजेडात खिडकीबाहेरच्या शेवग्याच्या शेंगा.

"खाली, सार." म्हणजे, रिकामी.

तुळजाने टेबलाची कड धरली. त्यांनी बंदूक सुटी केली. नळ्या, दस्ता, लाकूड, तिन्ही ओळीने टेबलावर ठेवलं आणि तसेच उभे राहिले.

"काडतुसं, सार?"

तिला वाटलं इथेच थांबावं. पण तिने डबा आणला, कुलूप काढलं. त्यांनी एकेक काडतूस बाहेर उभं केलं. "नऊ. एक कमी, सार."

"कुठे आहे, मानाजी?" दुसऱ्यांदा नाव घेणं तितकं कठीण गेलं नाही.

"आयुधपूजेच्या नवमीला देवीपुढे होतं, सार. आमच्यात रिकाम्या हत्याराची पूजा करत नाहीत, एक काडतूस शेजारी ठेवावं लागतं." आवाज ड्युटीवरचा, स्वच्छ. "पूजा आम्ही केली. उचललं घरच्या बाईंनी. त्यांच्याकडे असेल."

तुळजा देव्हाऱ्याशी गेली. कापराचा डबा, वातींचा डबा, हळदीकुंकवाची कोयरी. खालच्या खणात गेल्या नवमीचं लाल कापड होतं, पुरचुंडी बांधलेलं. गाठ तिचीच, दोन पदरी. ती सोडताना तिला सगळं आठवलं. आरती होते न होते तोच जननीचा फोन वाजला होता; कीर्तना खेळताना पडली होती, टाके घालावे लागले होते. तुळजाने हाताला येईल ते पुरचुंडीत बांधून खणात ढकललं होतं आणि धावत लोकलचं स्टेशन गाठलं होतं. सहा महिने झाले. काडतुसाच्या पितळी बुडाला कुंकू तसंच होतं.

दोन दिवस तिने त्यांच्या उशा उसवल्या होत्या.

ती परत आली तेव्हा ते टेबलाशी बसले होते, ड्युटी चेहऱ्यावरून उतरलेली. समोरच्या लाकडाकडे पाहत होते, ते कशाचं हे आठवत नसल्यासारखे.

"मिळालं," ती म्हणाली. "मीच ठेवलं होतं. माझी चूक."

"छे," ते म्हणाले, "मीच असेन की."

तासाभरात ती त्यांना रिक्षाने पोलीस स्टेशनात घेऊन गेली. युनिफॉर्म काढायला ते तयार नव्हते, तिनेही आग्रह केला नाही. नोंद लिहिणाऱ्या पोलिसाने भाग तपासले, दहा काडतुसं मोजली, एकाचं कुंकू बोटाने पुसून पाहिलं आणि हसला. "आयुधपूजा? आमच्या जीपलाही लावतो, अम्मा. निकाल लागला की या, परत न्या."

"परत न्यायचीच नसेल तर?"

त्याने आधी मानाजीरावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लायसन ज्यांचं त्यांनी अर्ज द्यावा लागेल. सही त्यांची."

सही मिळवणं अवघड नव्हतं. पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर ते हल्ली सही करत. म्हणूनच तिला तसं करवेना. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिने अर्ज लिहिला आणि तो त्यांना वाचून दाखवला, आधी तमिळमध्ये, मग घरातल्या मराठीत.

"म्हणजे बंदूक इथेच राहणार?"

"इथेच."

ते दाराकडे पाहू लागले. "रिलीव्हर आला का?"

"अं?"

"दुसरा माणूस आल्याशिवाय पोस्ट सोडता येत नाही, तुळजा. इतकंही ठाऊक नाही?"

तुळजा. तिने डोळ्यांना पदर लावला. "आलाय."

"कोण?"

"मी."

त्यांनी तिला वरून खालपर्यंत निरखलं. "युनिफॉर्म कुठाय?"

"धुवायला टाकलाय."

"पहिल्याच दिवशी?" ते नाखुशीने म्हणाले, आणि सही केली. एकेक अक्षर सुटं, जोर देऊन.

दुपारी जननी आली. बीरोत बंदूक नाही हे पाहून तिने आईला मिठी मारली. कीर्तना तळच्या कप्प्यात शिरली आणि आतून ओरडली, "आजी, इथे किती जागा झालीय!" नाकाला तेलाचा वास येतो अशी तक्रारही तिने केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाने कॉफीचा पेला नेला तर पलंग रिकामा. पुढचं दार उघडं, गेट उघडं. ते तिला लोकल स्टेशनच्या पायऱ्यांवर सापडले, खांद्यावर खाकी कव्हर, आत काही नाही. माणसं त्यांना वळसा घालून चढत-उतरत होती. "नऊ चाळीस," ते तिला म्हणाले, आणि तिच्यामागून मुकाट्याने घरी आले.

घरी येऊन तिने आतल्या खोलीतला बिस्किटांचा डबा काढला. आत खडूचे तुकडे तेवढे उरले होते. कडीचं पितळी कुलूप काढून तिने ते पुढच्या गेटला लावलं, किल्ली कमरेच्या जुडग्यात होतीच. मानाजीराव अंगणात उभे राहून पाहत होते.

"किल्ली कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"दोन्ही?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे नाही चालत."

बीरोची किल्ली कालपासून टेबलावर पडली होती. तुळजा ती घेऊन आली, खाली वाकली आणि त्यांच्या करगोट्याला नीट गाठ मारून दिली. मग ते गेटपाशी गेले, कुलूप दोनदा ओढून पाहिलं, आणि बंद गेटच्या आत पाठ ताठ करून उभे राहिले.