एक, दोन की काहीच नाही

“वहिनी, तुमची मुलगी खोटं रीडिंग देते,” शेजारचे काका ओट्यावर उभे राहून आईला सांगत होते. आतल्या खोलीत, आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी असलेली मी तशीच थिजले.

मापता येत नाही असं काही जगात असतं, हेच काकांना मान्य नव्हतं. नव्वदच्या दशकात ते देवासच्या एका गिअरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. खिशात पेनाच्या जागी जाडी मोजायचा व्हर्नियर. नाक्यावरच्या दुकानातली शेव त्यात धरून बघायचे. “क्यूं भिया, जाली घिस गई क्या? मोटी आ रही है!” दुकानदार बिचारा शेव पाडायची नवी जाळी आणायचा. माझ्या मावसबहिणीसाठी धारला स्थळ बघायला गेलो, तेव्हा हे हौसेने सोबत आले आणि चहा येईपर्यंत त्या लोकांच्या बैठकीच्या भिंतीला ओळंबा लावून बसले. परतताना बसमध्ये निकाल दिला, “मुलगा सरळ आहे. भिंत झुकलीये.” लग्न झालं. भिंतही पुढे पाडून बांधावी लागली.

अशा माणसाच्या हाती माझी जीभ लागली. अक्कलदाढ काढताना जिभेची उजव्या बाजूची नस तुटली होती. इंदूरला ऑपरेशन करून ती जोडली, पण जाणीव परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही ठाम सांगता येईना. अर्धी जीभ दुसऱ्याच कुणाची तरी तोंडात ठेवल्यासारखी वाटायची. जेवताना चावली गेली, तर रक्त दिसल्यावर कळायचं. शब्द घसरायचे, म्हणून मी कॉलेजात बोलणंच सोडलं. तशीही फार बोलत नव्हते.

दवाखान्यात दोन टोकं टेकवून, किती जाणवतात ते विचारून जीभ तपासतात हे कळल्यावर काकांनी डॉक्टरांना विचारून घेतलं, आपल्या डिव्हायडरची टोकं घासून गोल केली, आणि रोज संध्याकाळी तो उकळून हजर. मी डोळे मिटायचे. “एक, दोन की काहीच नाही?”

“काहीच नाही” म्हणायची मला लाज वाटायची. म्हातारा माणूस एवढा खटाटोप करतो! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी थँक्यू म्हणायला शिकवलं होतं, तक्रार करायला नाही. मी अंदाजाने “दोन” म्हणायचे, ते खूश व्हायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी काही टेकवलंच नव्हतं. आणि मी म्हटलं होतं, “दोन.”

आता ओरडतील, असं वाटलं. ते आत आले, खुर्ची ओढून बसले. “बेटा, माल खराब निघाला तर मशीन सुधारता येतं. रीडिंगच खोटं असलं तर कुणी काय करावं? ‘काहीच नाही’ हेही रीडिंगच आहे.”

पुढचे तीन महिने मी रोज “काहीच नाही” म्हणाले. इतकं खरं मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. “ठीक,” म्हणून ते उठायचे. चेहरा पाडायचाच असेल, तर फाटकाबाहेर जाऊन पाडत असतील.

काका आता मुलाकडे भोपाळला असतात. आभार मानायला फोन केला, की तिकडचं तापमान सांगतात, दशांशासकट. आभार राहूनच जातात. मग मला दिवाळीच्या आधीची ती संध्याकाळ आठवते. डोळे मिटलेले होते, आणि उजव्या कडेला अचानक लाल मुंगी डसावी तसं काहीतरी झालं. सवयीने मी आधी निमूट सोसलं. काका वाट बघत होते. मग मी मोठ्यांदा म्हटलं, “काका, हळू! दुखतंय!”