दहाव्याचा शब्द आणि अण्णांची गाडी

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचत आलो आहे. पांढरी साडी, पैंजण आणि बंद पडलेली गाडी... गाडी नीट सर्व्हिसिंग केलेली असती तर निम्म्या कथा झाल्याच नसत्या, असं माझं मत होतं. मी बीडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ज्याला संदर्भ देता येत नाही ते मी मानत नाही. तरी लिहितो आहे.

उन्हाळ्यात अण्णा, माझे वडील, गेले. दहाव्याला बिंदुसरेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते - समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होते. मग अशा वेळी करतात ते सुरू झालं : गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल याचा अंदाज घेऊन पिंडासमोर एकेकाने मोठ्याने शब्द द्यायचा. आत्या म्हणाली, वहिनीला एकटं पडू देणार नाही. कावळे हलले नाहीत. मेहुण्यांनी अंगणातल्या लिंबाला पाणी घालायचं कबूल केलं. एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. सगळे माझ्याकडे बघत होते, मी मात्र बाभळीवरचे कावळे मोजत राहिलो. शेवटी अण्णांचे धाकटे भाऊ, काका, पुढे झाले.

"अण्णा, पोरगं तुमची गाडी इकणार न्हाई. माझा शब्द हाय. आता शिवू द्या, लोकं उपाशी हायत."

कावळा आला. योगायोग, असं मी मनात म्हटलं.

गाडी जुनी, पांढरी, कार्ब्युरेटरच्या काळातली. ड्रायव्हरच्या सीटवर अण्णांच्या बसण्याने पडलेला खळगा तसाच होता. तो दिसला की मला घरात पाऊल टाकवत नसे. म्हणून पावसाळ्यात मी गाडी विकायला काढली. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, शब्द मी दिलाय, तू कुठं दिलास, तू मोकळा हायस. आई रोज संध्याकाळी गाडीत डाव्या सीटवर जाऊन बसायची. विचारलं तर म्हणायची, गाडीला जरा हवा लागावी म्हणून.

पहिलं गिऱ्हाईक कड्याचे एक मास्तर. त्यांना घेऊन मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच गरमीचा काटा लाल रेघेवर. थांबलो, तर इंजिन जागच्या जागी असं थरथरू लागलं की मास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला. ते रिक्षाने परत गेले.

गाडी गार झाल्यावर मी ती सलीमभाईंच्या गॅरेजला नेली. ते अण्णांच्या वेळेपासूनचे मेकॅनिक. तिथपर्यंत गाडी शिवणयंत्रासारखी चालली. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, पंख्याचा स्विच नवा टाकला, प्लग आणि कार्ब्युरेटर साफ केले. गरम होणं आणि थरथरणं एकदम आलं म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनच्या झाकणाखालचं सील, गेलं असेल, आणि तसं असेल तर रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतील, असं त्यांनी समजावलं. आम्ही दोघं विहिरीत डोकावल्यासारखे बघत राहिलो. एक बुडबुडा नाही. मग मी एकटा कपिलधारला जाऊन आलो. काटा निम्म्यावरून हलला नाही.

दुसरं गिऱ्हाईक दिंद्रुडचे व्यापारी. या वेळी गाडी फाटकातच तापली. "ही गाडी हाय का भट्टी?" म्हणत ते चहा न घेता निघून गेले.

आता मला आईचा संशय आला. एखादा व्हॅक्यूम पाइप निसटला तरी इंजिन थरथरतं, असं मी वाचलं होतं. सहज म्हणून तिला सांगितलं, बॉनेट उघड गं जरा. तिने डिकी उघडली.

तिसऱ्या वेळी मी गिऱ्हाइकाला थेट गॅरेजवर बोलावलं. एस.टी.चे रिटायर्ड कंडक्टर. ते येईपर्यंत इंजिन सुरेख चालू होतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि थरथर सुरू झाली, काटा चढू लागला.

सलीमभाईंनी बॉनेट उघडून बघितलं आणि पाना खाली ठेवला. "सर, मला येतंय ते समदं करून झालं. आता ऱ्हायलेलं तुमी करा. दहाव्याला तुमी काईच बोलला न्हाईत म्हणं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पेठेत समद्यांला म्हाईत हाय."

मी उघड्या बॉनेटसमोर उभा राहिलो आणि लायब्ररीत बोलतो तेवढ्या आवाजात म्हणालो, "अण्णा, गाडी विकत नाही."

काही झालं नाही.

"मोठ्यानं बोला सर," कंडक्टर म्हणाले. "इंजिन चालू हाय, त्यांला ऐकू जायचं न्हाई."

मग मी मोठ्याने बोललो. गाडी विकत नाही, याखेरीजही बरंच काही बोललो. ते इथे लिहीत नाही. डोळे पुसून बघितलं तर कंडक्टरांनी टोपी काढून हातात घेतली होती, इंजिन एका लयीत चालू होतं आणि काटा खाली येत होता.

सलीमभाई म्हणतात, पंख्याचा स्विच अडकला असेल, सुटला असेल. असेलही. पण तो तर त्यांनी नवाच टाकला होता, आणि थरथरीचं काय? मी हाताशी होती तेवढी पुस्तकं चाळली. उत्तर नाही.

त्या संध्याकाळी आई नेहमीप्रमाणे डाव्या सीटवर बसली होती. मी पहिल्यांदाच तिच्या देखत उजवं दार उघडून त्या खळग्यात बसलो, चावी फिरवली आणि विचारलं, कुठं जायचं?

"कुठं न्हाई," ती म्हणाली. "नुसती चालू राहू दे."