मास्तरांची मंडळी

ये गं, अशी फोनच्या जवळ ये. लांबून रागवायला मला जमत नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तू जुने फोटो टाकतेस आणि बेलापुरात घरोघरी लोक चष्मे पुसून ते बघतात, हे चांगलंच आहे. प्रवरेच्या पुराचा फोटो आला त्या दिवशी पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं यावरून दोघं म्हातारे हमरीतुमरीवर आले. पण टाकायच्या आधी काकूला एक फोन करावा की नाही?

त्या शाळेच्या फोटोखाली तू लिहिलंस, 'मास्तर आणि त्यांची टीम.' झालं. दोन दिवस सगळे टीम शोधत बसले. एक म्हणे, तो टोपीवाला आमचा चुलता. दुसरा म्हणे, तुमचा चुलता शाळेची पायरी कधी चढला? शेवटी मी तुझ्याकडून फोटोची मागची बाजू मागवली. मामंजींचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं, अक्षर मी कुठेही ओळखीन. त्यांनी लिहिलं होतं, 'मास्तर, त्यांची मंडळी व चौथीचा वर्ग.'

अगं वेडाबाई, मंडळी म्हणजे बायको. एकच. आमच्या वेळी चारचौघांत 'माझी बायको' म्हणायला माणसं लाजायची, 'आमची मंडळी' म्हणायची. तुझे काका त्यातलेच. एकदा मला ताप आला तर हे नव्या डॉक्टरांना सांगून आले, "मंडळी आजारी आहेत, घरी या." डॉक्टर शहरातले. घरात साथच आली असं समजून दोन बॅगा भरून आले, आणि आत गोधडीत मी एकटी. "बाकीचे कुठायत?" म्हणाले. मला तापातही हसू आवरेना.

तर मंडळी म्हटल्यावर मी तो फोटो पुन्हा नीट पाहिला. खुर्चीवर मास्तर, खाली पाट्या धरलेली पोरं, आणि अगदी डाव्या कडेला शाळेच्या दारात एक बाई. डोक्यावर पदर, हातात किटली. चहा घेऊन आली असणार आणि तेवढ्यात फोटो निघाला असणार.

मी चपला घातल्या आणि तडक मागच्या आळीला गेले. मास्तरांची लेक तिथे राहते. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, गावातच दिलेली. आई गेली तेव्हा ती अंगावर पीत होती. आईचा एकही फोटो घरात नव्हता. तुझं नाक आईसारखं आहे असं लोक म्हणायचे, तर ही आरशात नाक बघून बाकीची आई मनानं जुळवायची. तिनंच मला सांगितलंय.

ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी फोन पुढे धरला.

"कोण गं ही?"

"तुझी आई."

"सकाळी सकाळी थट्टा करायला आलीस व्हय? बस, शेंगा फोडू लाग."

मी तिला मागचं अक्षर वाचून दाखवलं. मग तिनं हात लुगड्याला पुसले आणि फोटोवर बोट ठेवलं. बोट लागलं तसा फोटो सरकला आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला.

"गेली बघ," ती म्हणाली. "हिला माझ्याजवळ थांबायचंच न्हाई."

मी फोटो परत आणला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाली, "किटली कुठल्या हातात हाय?"

डाव्या.

आता ही बाई जन्माची डावरी. वाढताना डावा हात पुढे आला की हिची सासू हातावर पळी मारायची, 'कुणाचं हे वळण?' म्हणायची. "सासूबाई आज असत्या तर दाखवलं असतं, कुणाचं ते," असं म्हणून ती इतकी हसली की मांडीवरचं सूप कलंडलं. आम्ही दोघी शेंगा वेचत बसलो, तेव्हा हळूच म्हणाली, "पण अर्धीच हाय गं."

खरंच अर्धी होती. एक डोळा, एक गाल, पुढे कड. तुला फोन केला तर तू म्हणालीस, "काकू, ती बाजू पिवळी पडली होती म्हणून मी कापली. मूळ फोटोत पूर्ण आहे, आत्ता पाठवते."

मी हिला विचारलं, मागवू का फोनवर? ती म्हणाली, "फोनमधली सरकती. कागद आन म्हणावं तिला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती आमच्या दारावरून जाते आणि जाता जाता विचारते, "पोरगी कधी येतीय?" मी म्हणते, येईल. पण सुट्टी बघते, रजा बघते असलं तुझं काही मी तिला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तिचं वय काय, तुझी सुट्टी काय.

फोटो पुसू-बिसू नकोस, आहे तसा वहीत घालून आण. पुण्याहून सकाळची एसटी धर, श्रीरामपूरला उतर, पुढे रिक्षा मिळते. येत्या रविवारी ये बाई, आम्ही दोघी जेवायच्या थांबतो.