साखरेचा नेम आणि जपानी चहा

वाशीला राहायला येऊन आम्हाला पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा माझ्या उजव्या कुशीत जड वाटायला लागलं. ह्यांनी मुंबईला नेऊन सोनोग्राफी करवली. ते यंत्र तेव्हा नवीन होतं. पोटावर गार, चिकट औषध फासून डॉक्टरांनी पडद्यावर बघितलं आणि ह्यांना विचारलं, "बाई दारू घेतात का?"

"अहो, ही खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवते," हे म्हणाले.

लिव्हरवर चरबी साठली होती. लक्ष दिलं नाही तर पुढे ते कडक होऊ शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. साखर आणि तळण बंद, रोज चालायचं, सहा महिन्यांनी परत तपासणी. घरी येताना मी ह्यांना शपथ घातली की सोसायटीत कोणाला सांगायचं नाही. लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसायची.

तळण सुटलं. साखर सुटेना. घरी मी बिनसाखरेचा चहा करत होते, पण दुपारी मजल्यावरच्या बायका एकमेकींकडे जमत, आणि पुढे आलेला कप परत करायला माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. मी तो संपवायची.

समोरच्या काकूंचा भाऊ बोटीवर कामाला होता. मला वजन कमी करायचंय, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी भावाने जपानहून आणलेला हिरव्या चहाचा पुडा काढला. "चरबी विरघळते म्हणे ह्याने. जपानी माणसं बघ, नुसत्या काड्या!" मग आलं घालून तो खळखळा उकळला, दूध घातलं, साखर घातली. भांडी विसळलेल्या पाण्यासारखा रंग आला. कडू लागला म्हणून त्यांनी आणखी साखर घातली. तोही मी संपवला.

ह्यांच्याकरवी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चहाने चरबी जाते असं मी सांगू शकत नाही. प्यायचा तर साखरेच्या चहाऐवजी प्या, नुसता पाण्यातला.

आषाढी एकादशीला मला सुचलं. चातुर्मासात साखर-दूध सोडलं, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. नेम म्हटल्यावर आग्रह थांबला. काकूंनी अख्खा पुडाच मला दिला. गरम पाण्यात चिमूटभर पानं टाकून मी पिऊ लागले. आधी पालेभाजीच्या पाण्यासारखं लागे, मग सवय झाली. भाजीसाठी रोज लांबच्या बाजारापर्यंत चालत जायची. दिवा लावताना देवाला मात्र खरं कारण सांगत असे, कारण खोटं त्याच्याच नावावर चाललं होतं.

कार्तिकी द्वादशीला माझा नेम सोडवायला काकू आणि शेजारच्या दोघी पेढे आणि दाट दुधाचा चहा घेऊन आल्या. तपासणी पंधरा दिवसांवर होती.

"घे गं, सुटलीस आता!" काकूंनी कप माझ्या हातात दिला. मी तो खाली ठेवला.

"मला नको. माझ्या लिव्हरवर चरबी आहे."

"लिव्हरवर?" एकीने आवाज खाली आणला. "तू... घेतेस?"

"ही?" काकू म्हणाल्या. "दुकानात जाऊन मागायला तोंड उघडेल का हिचं?" मग माझ्यावरच उखडल्या. "आणि मी मेली तुला साखर घालून घालून पाजत होते! बोलायचं नाही?" तो चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

तपासणीत चरबी कमी दिसली. पूर्ण गेली नव्हती. आहे तसंच चालू ठेवा, डॉक्टर म्हणाले. हा जपानी चहाचा गुण, असं काकूंनी सोसायटीभर सांगितलं. मी वाद घातला नाही, पण विचारायला येईल तिला साखर आणि चालणं आधी सांगायची.

एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. कधी दोन शब्द बोलणं झालं नव्हतं. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही लिव्हरचं बोललात म्हणून आले. आमच्या ह्यांचं पण तेच निघालंय. ते मात्र घेतात, रोज."

मी त्यांना आत घेतलं, दार लावलं आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.