तिसऱ्या काठीचं बूड

"दोन काठ्या कुठंही रोवा, रेघ सरळच निघते. खरं-खोटं तिसरी सांगते," असं मोजणीवाले काका ज्याला त्याला ऐकवत. चाळीस वर्षं त्यांनी तेच बघितलं होतं. एक डोळा मिटायचा. पहिल्या काठीआड मधली आणि मधलीआड शेवटची लपली, की हद्द खरी.

या लपाछपीला दुसरा गडी लागतो. तो गडी म्हणजे त्यांची बायको. मधली काठी धरून ती लांबून ओरडायची, "इकडं की तिकडं?" काकाही ओरडून हात हलवायचे, ती सरकायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून काका स्वतःच काठी रोवत, मागं येत, बघत, पुन्हा जाऊन बोटभर सरकवत. एका रेघेपायी दिवसभराची पायपीट. दिवसभर तोंडातून शब्द निघत नसे. घसा तेवढा बसायचा थांबला होता.

शिवणकामवाल्या बाईंची हद्दही त्यांनी अशीच एकट्यानं आखली. बाईंना हद्दीलगत खोली बांधायची होती. दोन टोकांना जुने दगड, मध्ये कमरेएवढं गवत. काठी कलते, म्हणून शेंडा न बघता बूड बघायचं, हा या कामाचा पहिला धडा. पण त्या दिवशी डोळ्यांना पाणी येत होतं, गवतात बूड दिसेना. पुन्हा तिथवर जायचं काकांच्या जिवावर आलं. शेंडे जुळले तेवढ्यावर त्यांनी चुना टाकला.

मग तीन दिवस अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी काका न बोलावता गेले. गवत साफ झालं होतं, भिंत गुडघ्यापर्यंत आली होती. त्यांनी दगडांपाशी दोन काठ्या रोवल्या, तिसरी भिंतीच्या कोपऱ्याला. तिसरी लपली नाही. वीतभर बाजूला उभी राहिली.

"काय काका," गवंडी हसला, "भिंत पळतेय का काय?"

"माझी चूक झाली. बाईंची वीतभर जागा बाहेर राहिली. पाड ती."

गवंड्याचं हसू मावळलं. बाई मशीन सोडून बाहेर आल्या. "अहो, त्या वितीतच माझं कापायचं टेबल बसणार होतं! मधली काठी धरायला कोण होतं तुमच्याबरोबर?"

"कोणी नव्हतं."

"मग मला हाक मारायला तुमचं तोंड शिवलं होतं का? मी धरली असती!"

हाक मारता येते, हेच काका विसरले होते.

बाई काठी घेऊन मधोमध उभ्या राहिल्या. "हं, बघा. इकडं की तिकडं?"

काका खाली बसले. हात उचलायला त्यांना जरा वेळ लागला. त्यांनी डावीकडं खूण केली. मग आणखी थोडी. मग हात तसाच राहिला. वीतभर चूक दिसली होती. बोटभर दिसत नव्हती. तिन्ही बुडं पाण्यात पडल्यासारखी हलत होती.

"गवंडीदादा," ते म्हणाले, "तू बघ."

गवंड्यानं वाकून डोळा मिटला. "बाई, बोटभर उजवीकडं. बास!"

काकांनी तिथं खुंटी ठोकली. "यापुढं मोजणी दुसऱ्याला सांगा. डोळे गेले माझे."

"चहा तरी घ्या, काका."

"नको, पोरी."

काठ्या तिथंच ठेवून ते रस्त्याला लागले. मधल्या काठीला हात लावून बाई उभ्या होत्या. वळणापर्यंत त्या बघत राहिल्या.