दोन मोजे

"तिला कसली तकलीफ? काही बोलून राहिली का ती?"

टेकडीच्या चढावर पुढे चाललेले आमचे सर कुणाला तरी माझ्याबद्दल सांगत होते. सरावाचे वजन म्हणून पाठीवरच्या पिशवीत वीस किलो हळकुंडे घेऊन मी मागून ऐकत होते आणि आतल्या आत चरफडत होते.

आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि हिमालयातल्या शिखरासाठी निघालेली आमची नऊ जणांची तुकडीही नवीच. आठ दिवसांनी निघायचे होते. शिखरावर सहाच जण जाणार, ती नावे सर त्या दिवशी ठरवणार होते. आणि माझे बूट लहान होते. मापे घेताना सरांनी "पाच ना?" असे विचारले, माप मोठे असूनही मी लाजून होकारार्थी मान हलवली. एका मोज्यावर ते बसायचे, पण बर्फात दोन मोजे लागतात, नाहीतर बोटे गारठून झडतात. दोन घातले की बोटे दुमडायची, उतारावर नखे ठेचायची. आता सांगितले तर नाव कटणार. इंग्रजी शाळेतली म्हणून आधीच सगळे हसायचे. मग मी दर सोमवारी औंढ्याला जाऊन नागनाथाकडे एकच मागायचे, पाय दुखू देऊ नकोस. तो काही ऐकत नव्हता. त्या दिवशी मला त्याचाही राग आला होता.

उतरताना मेंढरे आडवी आली. त्यांची म्हातारी मालकीण एकेकाचा पाय उचलून खुरातले काटे बघत होती. माझी चाल पाहून म्हणाली, "बस गं लेकरा. काढ ते बूट." का कोण जाणे, मी बसले. काळे पडलेले नख पाहून ती भडकलीच. "मेंढराला बोलता येत न्हाई म्हणून मी बघून राहिले. तुला तर तोंड हाय. काहून गप बसलीस?"

"देवाला सांगितलंय," मी पुटपुटले.

"मंग देव बूट आणून देतो व्हय?"

एवढे बोलून ती मेंढरांमागे गेली. पुन्हा कधी दिसली नाही. ती कोण होती, याचा खल मी करत नाही. मी दुखणे थांबव म्हणत होते, नागनाथाने पाय बघणारे माणूस पाठवले. देवावर भार टाकायचा म्हणजे माणसांपासून लपवायचे नव्हे, हे मला इतक्या उशिरा कळले. आज पायांची दहाही बोटे शाबूत आहेत, त्याबद्दल रोज हात जोडते. तेव्हा मात्र हात रिकामे नव्हते. दोन्ही हातांत एकेक बूट घेऊन मी अनवाणीच, झाडाखाली यादी लिहीत बसलेल्या सरांपुढे उभी राहिले.

"सर, बूट लहान आहेत. माप विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं नाव खोडायचं तर खोडा."